एकदा माती दिली की

यंदा दसऱ्यानंतर आमची दगडांची सहल निघणार नाही. जुन्या मंडळींचे फोन सुरू झालेत. "काहो, तारीख ठरली का?" मी गुडघ्यांचं कारण सांगतो. ते खोटं नाही, डाव्या गुडघ्यानं तर केव्हाच राजीनामा दिलाय. पण पूर्ण खरंही नाही, आणि खरं काय ते प्रत्येकाला फोनवर सांगत बसायचा मला कंटाळा येतो. म्हणून एकदाच लिहून टाकतो.

मी सरकारी नोकरीत भूवैज्ञानिक होतो. म्हणजे सगळा जन्म उन्हात हातोडी घेऊन दगड फोडण्यात गेला. आमच्या आईला शेवटपर्यंत वाटायचं की पोरगा एवढा शिकला आणि गिट्टीखदानीवर लागला. निवृत्त झाल्यावर घरी बसून वर्तमानपत्राची घडी नीट घातली नाही म्हणून बायकोशी वाद घालण्यापेक्षा लोकांना दगड दाखवावे, असं ठरवलं. एक मिनीबस, घरून बांधून घेतलेले डबे, आणि दोन दिवस. पहिला दिवस डोंगराचा, दुसरा मातीचा.

डोंगराचा दिवस सोपा. नागपूरच्या उत्तरेला सातपुड्याच्या उतारांवर गेलं की काळ्या खडकाच्या पायऱ्या दिसतात. एकेक पायरी म्हणजे लाव्हाचा एकेक पूर. लाव्हा आला, थंड झाला, मग फार मोठा काळ काहीच झालं नाही. त्या निवांत काळात तळी साचली, झाडं उगवली, गोगलगाई आल्या. मग पुन्हा लाव्हा आला आणि सगळं झाकून गेला. दोन पायऱ्यांच्या मधल्या दगडात त्या गोगलगाई अजून आहेत, नखाएवढ्या, पांढऱ्याशुभ्र. त्या दाखवल्या की लोक खूश होतात. मग मी सांगतो की ज्या सीताबर्डीच्या टेकडीखाली तुम्ही गाडी लावायला जागा शोधत फिरता, तीही याच लाव्हाची. यावर दरवेळी कोणीतरी म्हणतोच, "म्हणूनच तिथं एवढी गरमी राह्यते."

मातीचा दिवस कठीण. वरोऱ्याच्या पुढे काळी शेतं अचानक संपतात आणि जमीन खचल्यासारखी खाली जाते. लाल, हिरवट, पांढरी माती, पाण्यानं कापून काढलेल्या घळी, तुरळक बाभळी, सावली नाहीच. पहिल्यांदा येणाऱ्याची निराशा होते. "हे पाहाले आणलं का?" असं तोंडावर लिहिलेलं असतं. लाव्हा यायच्याही आधी इथून नद्या वाहत होत्या. त्यांच्या काठानं झाडपाला खाणारे प्रचंड डायनोसोर फिरत, मरत. पुरात त्यांची हाडं वाहत यायची, गाळात रुतायची, आणि त्या गाळातच हळूहळू त्यांचा दगड व्हायचा. आता पाऊस तो गाळ धुतो आणि हाडं वर येतात. दर पावसाळ्यात काही नवं उघडं पडतं, म्हणून सहल दसऱ्यानंतर.

आता प्रश्न असा की साधा दगड कोणता आणि हाडाचा दगड कोणता. दिसायला दोन्ही सारखेच. आमच्या धंद्यात याला एक जुनी युक्ती आहे, ती ऐकून लोक नाक मुरडतात. दगड पुसायचा आणि जिभेला लावायचा. हाडात बारीक छिद्रं असतात, त्यामुळे ते जिभेला चिकटतं. दगड चिकटत नाही. एका वर्षी नागपूरजवळच्या वाडीचे एक गोडाऊनवाले शेठ सहकुटुंब आले होते. भला माणूस, पण सकाळपासून एकच हिशेब चालू होता, हे जनावर किती ट्रकांत मावलं असतं. युक्ती ऐकल्यावर त्यांनी बटाट्यासारखा एक गोळा उचलला आणि मोठ्या आशेनं चाटला. मग पुन्हा चाटला. "साहेब, चिपकून नाही राहिलं!"

"नाही चिकटणार," मी म्हटलं. "ते त्याचं शेण आहे."

खरंच होतं. तिथं शेणाचेही दगड होतात आणि ते हाडांपेक्षा जास्त सापडतात. शेठनी गोळा डोळ्यांजवळ नेऊन उलटसुलट फिरवून पाहिला. त्यांची बायको हसून हसून बाभळीला टेकली. मग त्यांनी हळूच विचारलं, "शुद्ध शाकाहारी होता न तो?"

"होता."

"मग चालते," म्हणाले, आणि बाटलीतल्या पाण्यानं चूळ भरली.

असे दिवसही होते, नव्हते असं नाही. हिंगण्याच्या कारखान्यातली मंडळी एकदा सुटीच्या दिवशी आली होती. त्यांच्याइतकी नीट पाहणारी माणसं मला पुन्हा भेटली नाहीत. पण बहुतेकांना एकच हवं असायचं, खिशात टाकून न्यायला काहीतरी. माझा नियम एकच होता, की उचलायचं नाही. पाहायचं, फोटो काढायचा आणि जिथलं तिथं ठेवायचं. आणि मोठं काही असेल तर पाहून झाल्यावर वर पुन्हा माती लोटायची. उघडं राहिलं तर ऊन-पाण्यानं तडकतं, गुरांच्या पायाखाली चुरतं, शिवाय चोरांना दिसतं. हे माती लोटायचं काम मी कोणाला देत नसे. गुडघ्यांवर बसून, हातानं, खडे वेगळे काढून बारीक माती आधी, जाड मागून.

त्या घळींना लागून पार्बताबाईंचं वावर. त्याच्या कडेला असंच एक मोठं हाड होतं. एका जोराच्या पावसात त्यांच्या धुऱ्याची, म्हणजे बांधाची, कड नाल्यात ढासळली आणि मांडीचं हाड बाहेर आलं. माणसाच्या उंचीचं म्हणता येणार नाही, पण मी शेजारी आडवा झालो तर माझ्या खांद्याला लागेल एवढं. एवढी वर्षं मी फक्त तुकडे पाहत आलो होतो, एक इथला, दुसरा तिथला. पुढच्या पावसात त्याच्या बाजूला कमरेच्या हाडाची कड दिसायला लागली, मांडीशी जशी हवी तशीच. म्हणजे हे जनावर वाहून आलं नव्हतं, इथंच पडलं होतं. सगळं एका जागी मिळण्याची शक्यता होती. आमच्या धंद्यात माणूस जन्मभर याची वाट पाहतो आणि बहुतेकांना ते मिळत नाही.

पार्बताबाई आणि त्यांचे मालक रामदासजी दोघंच तिथं राहायचे. मुली लग्न होऊन गेल्या होत्या. सहल आली की बाई मोठ्या गंजात चहा ठेवायच्या, आणि रामदासजींनी हाडाभोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण घालून ठेवलेलं असायचं. पहिल्या वर्षी बाईंनी मला विचारलं होतं, "साहेब, कोनाचं व्हय हे हाड?"

मी आपलं सांगितलं, डायनोसोरचं, हत्तीपेक्षा मोठं जनावर, माणूस जन्मायच्याही फार आधीचं.

"बाई का बुवा?"

"ते काही सांगता येत नाही."

"बाईच असन," त्या म्हणाल्या. "एवढी थोराड मांडी बाईचीच राह्यते. चार लेकरं झाली का समजते." रामदासजी हसत हसत कपबशा गोळा करायला गेले. तेव्हापासून त्या हाडाला त्या घरात 'बाई'च म्हणत. मीही पुढे सहलीत म्हणायला लागलो.

मग ती साथ आली. सहल बंद पडली. पुन्हा गेलो तेव्हा पार्बताबाई एकट्याच होत्या. रामदासजींना नागपूरला दवाखान्यात नेलं होतं आणि ते परत आले नव्हते. मी दोन शब्द बोललो, त्यांनी डोळ्यांना पदर लावला आणि चहा ठेवला. काट्यांचं कुंपण त्यांनी स्वतः घातलं होतं. मला फार वाईट वाटलं, पण बसमधली माणसं उन्हात ताटकळत होती. मी माती बाजूला केली, हाड दाखवलं, नेहमीचं भाषण केलं, पुन्हा माती लोटली.

त्या वर्षीपासून बाई माझ्या त्या माती लोटण्याकडे उभ्या राहून बघायच्या. चहाचं भांडं खाली ठेवून, डोक्यावर पदर घेऊन. एकदा म्हणाल्या, "साहेब, तुमी दरसाल माती देता अन् दरसाल उकरता. असं करतेत का कोनी?"

"माती देत नाही हो बाई, नुसतं झाकतो," मी म्हटलं, आणि कमरेला हात लावून उठलो. माती देणं म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. नागपुरात आयुष्य काढलेला माणूस, किती जणांच्या मातीला जाऊन आलो असेन. पण मी तो शब्द माझ्या हाताला लागलेल्या मातीपुरताच ऐकला. त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

इकडे माझी खटपट चालू होती. एका संशोधन संस्थेतल्या डॉक्टर मॅडम, वयानं माझ्या मुलीएवढ्या, पण डायनोसोरांच्या हाडांत मुरलेल्या. त्यांना मी फोटो पाठवले, पत्रं पाठवली, एकदा जाऊन भेटलो. शेवटी त्या तयार झाल्या. आधी स्वतः येऊन पाहायचं, मग रीतसर परवानगी काढून विद्यार्थी आणायचे, प्लॅस्टर आणि गोणपाटात बांधून एकेक हाड उचलायचं. एका जागी अख्खं जनावर निघालं तर त्या घळींना संरक्षण मिळालं असतं. नाहीतर रस्त्याच्या कामाला मुरूम काढणारी यंत्रं पलीकडच्या बाजूनं लागलीच होती. मला स्वतःसाठी एवढंच हवं होतं, की गुडघे पूर्ण जायच्या आत मी एकदा ते पूर्ण पाहावं. बायको म्हणायची, "माझ्या एक्स-रेकडे कधी एवढं लक्ष देऊन पाहिलं नाही." बरोबरच होतं तिचं.

गेल्या वर्षी दसऱ्यानंतर आम्ही निघालो. बसमध्ये नेहमीची मंडळी, पुढच्या सीटवर मॅडम. रस्ताभर त्या विचारत होत्या, मी सांगत होतो. माझा घसा बसला तरी मी थांबलो नाही.

वावराच्या कडेला पोचलो तर काट्यांचं कुंपण नव्हतं. जिथं हाड होतं तिथं जमीन सारखी केलेली होती, वरून शेणानं सारवलेली. एक पणती होती, वातीचा काळा डाग पडलेली, आणि वाळलेली झेंडूची दोन फुलं. मला आधी वाटलं मी घळ चुकलो. मग ती बाभूळ दिसली, जिला शेठची बायको टेकली होती.

पार्बताबाई घरातून आल्या. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच वेगळं नव्हतं. उलट आम्ही आलो म्हणून त्या आनंदल्या होत्या.

"बाई, हाड कुठं गेलं?"

"शिरवलं," त्या म्हणाल्या.

मॅडम पश्चिम महाराष्ट्रातल्या. त्यांना कळलं नाही, त्या माझ्याकडे पाहायला लागल्या. आमच्याकडे गणपती शिरवतात, गौरी शिरवतात, माणसाच्या अस्थीही शिरवतात. पाण्यात सोडतात.

"नदीत?"

"आमी पाचजनी होतो. एका हातानं कुठं उचलते ते? लय जड. भेगा होत्या तिथून सुटं सुटं झालं. मंग नव्या लुगड्यात बांधलं, बैलबंडीत घातलं अन् नदीवर नेलं. बाजूचंही निंगालं होतं कमरेचं. तेही नेलं, काईच नाई ठेवलं. हयद-कुकू वाह्यलं. सगळं बराबर केलं साहेब."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. एवढ्या लोकांसमोर मी त्या बाईवर ओरडलो. "अहो, काय केलंत हे! दगड होता तो! दगड!"

पार्बताबाई दोन पावलं मागे सरल्या. मग माझ्याकडे पाहून अगदी सावकाश म्हणाल्या, "आता दगड म्हनता? इतके वर्स त हाड म्हनत होते."

बसमधले लोक खाली बघायला लागले. मी तिथंच सारवलेल्या जमिनीच्या कडेला बसलो. बसावंच लागलं.

बाईंनी पाणी आणून दिलं. माझ्या शेजारी जरा अंतर ठेवून त्या उकिडव्या बसल्या आणि रामदासजींबद्दल बोलायला लागल्या. त्यांनी ते नाव घेतलं नाही, पण कोणाबद्दल आहे ते लगेच कळत होतं. "याइले नागपूरले नेलं तवा गाडीपर्यंत पायानं चालत गेले. मंग फोनच आला. तिकडंच सगळं आटोपलं म्हने. म्या मांगून गेली, त कोनाची राख कोनती, कोनालेच सांगता येईना. काईच हातात आलं नाई. नदीवर काय न्याव? नुसता फोटो घेऊन जाव का?" त्या थांबल्या. "याइचं त काई करता आलं नाई मले. अन् हे माह्या वावरात पडलं होतं उघडं. तुमीच म्हनलं कोनाचं तरी हाय म्हनून. एकदा माती दिली का उकरू नाई साहेब, जीव घुटमयते. म्हनलं, इचं तरी करावं."

मॅडम आतापर्यंत उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "नदीत नेमकं कुठं सोडलं, दाखवाल का?"

"दाखवतो न. चला."

आम्ही सगळेच गेलो. नदी तिथून जवळ आहे, पण मला ते अंतर संपेना. डोहाशी एक ढीवर जाळं सोडवत बसला होता. बाईंनी त्याला हाक मारली, "काहो भाऊ, कोनत्या अंगानं सोडलं होतं?"

"ह्या काय इथं," तो म्हणाला. "माह्याच डोंग्यातून त नेलं होतं." आमचे चेहरे पाहून त्याला काय प्रकार आहे ते समजलं असावं. "काढाचं आहे का साहेब? डोह काई लय खोल नाई. आमी दोघं-तिघं उतरलो त काढून देऊ. लुगड्यातच असन बांधून."

मॅडमनी मला बाजूला घेतलं. "सर, अर्धी माहिती हाड कुठं, कसं पडलं होतं त्या जागेत असते. ती गेली, तिचं काही करता येणार नाही. पण हाडं हाती आली तर निदान प्राणी कोणता ते सांगता येईल. तेही थोडं नाही. काढायला सांगायचं का? तुम्ही म्हणाल तसं."

नियमानं काढायला हवी होती. माझ्या जागी दुसरा कोणी असता आणि मला विचारलं असतं, तर मीच सांगितलं असतं की एक क्षण घालवू नका. मी डोहाकडे पाहिलं. पाणी गढूळ, हिरवट, वरून काही दिसत नव्हतं. पार्बताबाई काठावर उभ्या होत्या. त्यांनी ढीवराचं बोलणं ऐकलं होतं. नको म्हणाल्या नाहीत, हात जोडले नाहीत, रडल्या नाहीत. फक्त पदराचं टोक दोन्ही हातांत घट्ट धरून पाण्याकडे पाहत होत्या, दवाखान्याच्या दारात माणसं उभी राहतात तशा.

"नको," मी ढीवराला म्हटलं. "राहू द्या."

का म्हटलं ते मला अजून नीट सांगता येत नाही. थकलो होतो, हे एक. दोनदा कोणाला उकरायचं, हेही मनात आलं असेल. परतीच्या प्रवासात मॅडम मागच्या सीटवर जाऊन बसल्या. त्यांना राग आला असेल तर तो रास्तच होता. मी त्यांचा वेळ घेतला होता आणि त्यांचं काम पाण्यात राहू दिलं होतं. त्या घळींना आता संरक्षण मिळेल असं वाटत नाही. यंदा यंत्रं बाभळीपर्यंत आलीत, असं ऐकतो. एवढंच मनाला सांगतो की ही हाडं पहिल्यांदा टिकली तीही नदीच्या गाळातच टिकली. पुन्हा गाळ बसेल. पाहायला आपण नसू, इतकंच.

बसमध्ये चढायच्या आधीचं मात्र सांगायचं राहिलं. सगळे बसले होते, ड्रायव्हरनं गाडी सुरू केली होती. मी दांडा धरून चढायचा प्रयत्न करत होतो, गुडघा वर येत नव्हता. पार्बताबाईंनी मागून कोपराला आधार दिला. मी वळून पाहिलं.

"रागावले का साहेब?"

"नाही."

"एक इचारू? तुमी शिकले-सवरले." त्यांनी आवाज खाली आणला. "बाईले पोचलं असन न?"

सगळं आयुष्य मी लोकांना एकच गोष्ट सांगत आलो, की पुरावा असल्याशिवाय काही म्हणायचं नाही. नर का मादी, हेसुद्धा मी म्हटलं नव्हतं.

"पोचलं बाई," मी म्हटलं.

त्यांनी माझा कोपर सोडला नाही.

"अन् याइले?"

"त्यांनाही," मी म्हटलं, आणि आत जाऊन बसलो.